एक डोस की दोन? अपुऱ्या माहितीवर घ्यायचा निर्णय

एप्रिल २०१०. बार्शी, पुणे, मुंबई, अहमदाबाद, हैदराबाद यांसह देशात नऊ ठिकाणी एक मोठा अभ्यास सुरू होता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही या विषाणूविरुद्धची लस मुलींना तीनऐवजी दोन डोसांत देता येईल का, हे त्यातून पाहायचे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने आखलेल्या या अभ्यासात १० ते १८ वर्षे वयाच्या २० हजार मुली घ्यायच्या होत्या. १७ हजार ७२९ मुलींना किमान एक डोस मिळाला आणि सरकारचा आदेश आला: एचपीव्ही लसीच्या चाचण्यांमधील लसीकरण थांबवा. ज्यांचे पुढचे डोस बाकी होते, त्यांचे ते राहूनच गेले. ४ हजार ९४९ मुलींच्या वाट्याला एकच डोस आला.

आदेशामागे कारण वेगळ्याच प्रकल्पाचे होते. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत हीच लस हजारो मुलींना देण्यात आली होती आणि त्यांपैकी सात मुलींचे नंतर मृत्यू झाले. बुडून, सर्पदंशाने, कीटकनाशक पोटात जाऊन झालेल्या मृत्यूंचाही त्यात समावेश होता. चौकशीत लसीशी त्यांचा संबंध आढळला नाही. मात्र पालकांच्या संमतीचे अर्ज वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी भरल्याचे उघड झाले. तो दोष खरा होता, गंभीर होता आणि संसदीय समितीनेही २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले.

अर्धवट राहिलेला अभ्यास सहसा कपाटात जातो. इथे संशोधकांनी तसे होऊ दिले नाही. लस घेतलेल्या मुलींचा माग त्यांनी दहा वर्षे सोडला नाही. त्या मोठ्या झाल्या, अनेकींची लग्ने झाली, गावे बदलली. तरीही त्यांचे नमुने तपासले जात राहिले. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा लसतज्ज्ञांचेही डोळे विस्फारले. एचपीव्हीच्या १६ आणि १८ या सर्वांत घातक प्रकारांचा शरीरात ठाण मांडून राहणारा संसर्ग रोखण्यात तीन डोस ९३.३ टक्के, दोन डोस ९३.१ टक्के आणि एक डोस ९५.४ टक्के प्रभावी ठरला होता.

कोस्टारिकातील एका चाचणीतही काही तरुणींचे डोस अपुरे राहिले होते आणि तिथेही असेच चित्र दिसले होते. केनियात मुद्दाम एका डोससाठी आखलेल्या चाचणीत, १५ ते २० वयाच्या २ हजार २७५ तरुणींमध्ये, दीड वर्षानंतर एका डोसची परिणामकारकता ९७.५ टक्के आढळली. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वर्षे वयाच्या मुलींसाठी एक डोसही चालेल असे मत जाहीर केले. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनने दोनावरून एकावर येण्याचा निर्णय घेतला. भारतात लसीकरणविषयक राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गटाने २०२२ मध्ये ही लस सार्वत्रिक लसीकरणात घेण्याची शिफारस केली आणि फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयोगटातील मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याचे जाहीर झाले.

प्रश्न असा की, एक डोस पुरतो हे आज कितपत खात्रीने सांगता येते? आणि पुरेशी खात्री नसेल, तर कोट्यवधी मुलींसाठी सरकारी तिजोरीतून खर्च करताना निर्णय कशाच्या आधारे घ्यायचा?

आकड्यांच्या मागे काय आहे?

प्रथम पुराव्यातील उणिवा मोकळेपणाने पाहायला हव्यात. एक डोस तीन डोसांपेक्षा सरस ठरला, असा वरच्या आकड्यांचा अर्थ नाही. ९५.४ टक्के हा मधला अंदाज आहे. खरा आकडा ८५ पासून जवळपास १०० टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. तीन डोसांचा पट्टा साडेसत्त्याहत्तर टक्क्यांपासून सुरू होतो. तिन्ही पट्टे एकमेकांवर पडलेले आहेत. यातून एवढेच म्हणता येते की फरक असलाच तर तो या अभ्यासात दिसण्याइतका मोठा नाही.

दुसरे, कोणाला एक डोस मिळावा हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. ते सरकारी आदेशाच्या तारखेने ठरले. लस न घेतलेल्या ज्या स्त्रियांशी तुलना झाली, त्याही नंतर निवडलेल्या होत्या. तिसरे, अभ्यासात मोजला गेला तो संसर्ग, कर्करोग नव्हे. संसर्गापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास बहुधा १५ ते २० वर्षांचा किंवा त्याहून अधिक असतो. दहा वर्षांचा पुरावा हाती आहे आणि संरक्षण हवे आहे निदान तीस वर्षांचे. एका डोसनंतर रक्तातील प्रतिपिंडे दोन-तीन डोसांपेक्षा कमी असतात, पण ती वर्षानुवर्षे त्याच पातळीवर टिकून राहिलेली दिसतात. हे आश्वासक आहे, पण विसाव्या वर्षी ती पातळी काय असेल हे कोणीही मोजलेले नाही.

एवढेच नाही, तर आजाराचा भार किती हाही अंदाजच आहे. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळतात आणि जवळपास ८० हजार मृत्यू होतात. हे आकडे ज्या कर्करोग नोंदणी केंद्रांच्या आधारे काढले जातात, ती देशाच्या लोकसंख्येच्या लहानशा भागापुरती आहेत. बार्शीला १९८७ मध्ये ग्रामीण भागातील पहिले नोंदणी केंद्र सुरू झाले, तोवर खेड्यांतील कर्करोगाची अशी मोजदाद देशात होतच नव्हती.

म्हणजे लस किती काळ टिकेल, किती रुग्ण वाचतील, किती पैसा लागेल, यांपैकी एकाही प्रश्नाला ठाम उत्तर नाही. अशा वेळी दोन सोप्या वाटा असतात. एक, ‘पुरेसा पुरावा येऊ द्या’ म्हणून थांबणे. दुसरी, मधला आकडा धरून तोच खरा मानणे. दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. थांबणे हाही निर्णयच असतो आणि त्याचीही किंमत कोणीतरी मोजत असते. सरकारी रुग्णालयात अंगावरून रक्त जाण्याची तक्रार महिनोन् महिने लपवून शेवटी आलेली बाई ही त्या प्रतीक्षेच्या हिशेबात कुठे दिसत नाही, इतकेच.

अंदाज किती चुकला तर निर्णय बदलेल?

आरोग्य अर्थशास्त्रात या अडचणीवर एक साधी रीत आहे. अचूक आकडा कोणता, हे विचारत बसण्यापेक्षा, आकडा किती घसरला तर आपला निर्णय फिरवावा लागेल, हे विचारायचे. समजा, एका जिल्ह्यात योग्य वयाच्या १ लाख मुली आहेत आणि लस आहे १ लाख डोस. दोन डोस द्यायचे तर ५० हजार मुलींनाच लस मिळेल. परिणामकारकता ९५ टक्के धरली तर ४७ हजार ५०० मुली सुरक्षित होतील. एकच डोस द्यायचा तर १ लाख मुलींपर्यंत पोहोचता येईल. एका डोसची परिणामकारकता ९५ ऐवजी ६० टक्केच निघाली, तरी ६० हजार मुली सुरक्षित होतील. ती साडेसत्तेचाळीस टक्क्यांच्या खाली घसरली, तरच दोन डोसांचा पर्याय सरस ठरेल. हाती असलेल्या पुराव्यात ८५ टक्के ही खालची मर्यादा आहे. म्हणजे निदान दहा वर्षांच्या मुदतीपुरती अनिश्चितता आहे खरी, पण ती निर्णय फिरवण्याएवढी नाही.

मात्र हेच गणित दुसऱ्या परिस्थितीत वेगळे उत्तर देते. लस मुबलक आहे, प्रत्येक मुलीपर्यंत दोनदा पोहोचणे शक्य आहे आणि पैशाचीही चणचण नाही, असे धरले तर दोन डोसांनी ९५ हजार आणि एका डोसने कदाचित ६० हजारच मुली सुरक्षित होतील. मग एका डोसचा टिकाऊपणा हा कळीचा मुद्दा ठरतो. त्यामुळे ‘जगाने एक डोस स्वीकारला, आपणही स्वीकारू’ किंवा ‘आपल्या मुलींना कमी का?’ ही दोन्ही विधाने अपुरी आहेत. आपल्याकडे अडते कुठे, लसीच्या साठ्यात, पैशात की माणसांत, हे आधी पाहावे लागते. दुसऱ्या डोसचा खर्च म्हणजे केवळ कुपीची किंमत नव्हे. आरोग्यसेविकेचा दिवस, शीतसाखळी, शाळेतील आणखी एक सत्र आणि सहा महिन्यांनी त्या गावात नसलेल्या, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मुली हे सगळे त्या खर्चात येते.

दुसऱ्या डोसमधून वाचलेला पैसा कुठे जाणार, हाही हिशेबाचाच भाग आहे. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ पासून आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची यंत्रणा उभी केली आहे. एखाद्या उपचारातून निरोगी आयुष्याचे एक वर्ष मिळवायला किती खर्च येतो, हे ती पाहते आणि तो खर्च साधारणपणे देशाच्या दरडोई उत्पन्नाच्या आत असेल तर उपचार किफायतशीर धरला जातो. उत्तर शेवटी एका आकड्यात येते आणि तो आकडा वर्तमानपत्रात छापला जातो. त्यामागची डझनावारी गृहीतके मात्र अहवालाच्या परिशिष्टात राहतात.

त्यांतले एक गृहीतक मुद्दाम सांगण्यासारखे आहे. आजचा खर्च आणि पंचवीस वर्षांनी मिळणारा लाभ यांची तुलना करताना भविष्यातील लाभाला वटाव लावला जातो. दर ३ टक्के धरला तर पंचवीस वर्षांनंतरचा १०० रुपयांचा लाभ आज ४८ रुपयांचा भरतो. दर ५ टक्के धरला तर तो ३० रुपयांच्याही खाली येतो. लस तीच, मुली त्याच, वाचणारे जीवही तेवढेच. तरी केवळ या एका दराने लस परवडणारी किंवा न परवडणारी ठरू शकते. ही विज्ञानातील अनिश्चितता नाही. पुढच्या पिढीच्या आयुष्याला आज किती मोल द्यायचे, याबद्दलचा तो समाजाचा निवाडा आहे. तो गणिताच्या आड लपवला जाऊ नये.

चुकलो तर परतीची वाट आहे का?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न याच्या पुढचा आहे. निर्णय चुकला, तर तो दुरुस्त करता येईल का? याचे उत्तर समजून घेण्यासाठी फिलिपिन्सकडे पाहावे लागते.

एप्रिल २०१६ मध्ये फिलिपिन्सने डेंग्यूविरुद्धची ‘डेंगव्हॅक्सिया’ ही नवी लस शाळकरी मुलांना द्यायला सुरुवात केली. डेंग्यूचा त्रास मोठा होता आणि लस सरासरीने काम करत होती. पण एक शंका तेव्हाच उपस्थित झाली होती. डेंग्यूचा दुसरा संसर्ग बहुधा पहिल्यापेक्षा गंभीर असतो. ज्या मुलाला आधी कधीच डेंग्यू झालेला नाही, त्याच्या शरीरात लस पहिल्या संसर्गासारखी वागली तर? याचे उत्तर चाचणीतील आकड्यांतून मिळणे अवघड होते, कारण सहभागी मुलांपैकी बहुसंख्यांचे लसीपूर्वीचे रक्त घेऊन ठेवलेले नव्हते. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीनेच नव्या विश्लेषणाच्या आधारे जाहीर केले की, आधी डेंग्यू न झालेल्या मुलांत लसीनंतर गंभीर आजाराचा धोका वाढतो. तोवर ८ लाखांहून अधिक मुलांना लस दिली गेली होती. मोहीम थांबली, पण टोचलेली लस परत काढून घेता येत नाही. हादरा इतर लसींनाही बसला. लस महत्त्वाची आहे असे ठामपणे मानणाऱ्या पालकांचे प्रमाण २०१५ मध्ये ९३ टक्के होते. २०१८ मध्ये ते ३२ टक्क्यांवर आले. त्यानंतर २०१९ मध्ये तिथे गोवराची मोठी साथ पसरली.

दोन्ही प्रसंगांत माहिती अपुरी होती. फरक चुकीच्या स्वरूपात आहे. डेंग्यूच्या लसीबाबत चूक झाली तर इजा होणार होती आणि ती भरून निघणार नव्हती. शिवाय हवी ती माहिती मिळवणे फारसे महाग नव्हते. साठवलेल्या नमुन्यांचे विश्लेषण आधी झाले असते किंवा लसीपूर्वी रक्ततपासणीची अट असती, तर धोका टळला असता. तिथे थांबणे शहाणपणाचे होते. एचपीव्हीच्या एका डोसबाबत चूक झाली, तर ती अशी असेल: संरक्षण पंधरा-वीस वर्षांनी क्षीण होऊ लागेल. त्यावर उपाय आहे. त्या मुलींना दुसरा डोस देता येतो. उलट थांबण्याची किंमत मोठी आहे, कारण लस संसर्गाच्या आधी मिळाली तरच तिचा पुरता उपयोग होतो आणि संधीचे ते वय निघून गेले की परत येत नाही. म्हणजे एका बाबतीत घाई करणे ही न सुधारता येणारी चूक होती. दुसऱ्या बाबतीत उशीर करणे ही तशी चूक ठरते.

निर्णयासोबत काय हवे?

पण परतीची वाट आपोआप तयार होत नाही. ती निर्णयाच्या दिवशीच आखावी लागते. एका डोसच्या बाबतीत पहिली गरज आहे नोंदीची. कोणत्या मुलीला, कोणत्या कंपनीची लस, कधी दिली, हे वीस वर्षांनी सापडले पाहिजे. लसीकरणाच्या नोंदींसाठी यू-विन ही संगणकीय व्यवस्था आहे. तिच्यात दहा वर्षांच्या मुलीची नोंद लग्नानंतर आडनाव, गाव आणि मोबाइल क्रमांक बदलूनही शोधता येईल का, हा प्रश्न तांत्रिक वाटला तरी एका डोसच्या धोरणाचा सगळा भार त्यावर आहे.

दुसरी गरज आहे निवडक मुलींचा माग ठेवण्याची. प्रत्येक राज्यात काही हजार मुलींची ठरावीक वर्षांनी तपासणी होत राहिली, तर संरक्षण घसरू लागल्याची खूण कर्करोग दिसण्याच्या कितीतरी आधी, संसर्गातच दिसेल. पुण्यात तयार झालेल्या स्वदेशी लसीला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. तिने लसीची उपलब्धता वाढवली हे मोठेच काम आहे. मात्र एका डोसचा दीर्घकाळचा पुरावा मुख्यतः आधीच्या परदेशी लसींचा आहे. तो दुसऱ्या लसीला जसाच्या तसा लावता येत नाही. त्यासाठी त्या लसीचा स्वतंत्र अभ्यास हवा. एचआयव्हीबाधित किंवा प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या मुलींना एक डोस पुरेसा मानू नये, निदान दोन आणि शक्यतो तीन द्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सरसकट मोहिमेत हा अपवाद हरवण्याची भीती असते.

तिसरी गरज आहे दुसऱ्या कुंपणाची. या लसींतले १६ आणि १८ हे प्रकार मिळून जगातील सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाच्या कर्करोगांना कारणीभूत असतात. उरलेल्यांसाठी आणि लस न मिळालेल्या आजच्या सगळ्या प्रौढ स्त्रियांसाठी तपासणी हाच उपाय आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने २००९ मध्ये दाखवले की, एचपीव्हीची एकच तपासणी आणि त्यानंतर योग्य उपचार झाले, तर आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. तरीही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अशी तपासणी कधीतरी झालेल्या दोन टक्क्यांहूनही कमी आढळल्या. एका डोसमुळे वाचलेला पैसा तपासणीकडे वळला, तर लसीबद्दलचा अंदाज चुकल्याची झळही कमी बसेल.

आणि चौथी गरज आहे खरे बोलण्याची. ‘एक डोस आयुष्यभर पुरतो’ असे सांगून मोहीम सोपी होईल, पण पुढे कधी दुसरा डोस द्यायची वेळ आली तर तेच वाक्य अंगावर येईल. ‘आजच्या माहितीनुसार एक डोस पुरेसा आहे, आम्ही पाहत आहोत, गरज लागली तर पुन्हा बोलावू’ हे पालकांना समजते. खम्मम आणि वडोदऱ्यात लस निर्दोष ठरली, पण पालकांना विचारलेच नव्हते, म्हणून विश्वास गेला आणि तो परत मिळवण्यात अनेक वर्षे गेली. ती किंमत कोणत्याही खर्चाच्या तक्त्यात धरलेली नव्हती.

आज सहावीत असलेली मुलगी २०४५ च्या सुमारास तिशी ओलांडेल. एका डोसचा निर्णय बरोबर होता की नाही, याचे उत्तर तिच्या पिढीकडे असेल. बार्शी-पुण्याच्या मुलींचे उत्तर मिळाले, ते चाचणी बंद पडल्यावरही कोणीतरी त्यांच्या पत्त्यांची वही सांभाळून ठेवली होती म्हणून. या मुलींची वही कोण सांभाळणार, त्यासाठी किती पैसे ठेवले आहेत आणि निर्णयाचा फेरविचार कोणत्या वर्षी होणार, हे लसीकरणाच्या आदेशातच लिहिलेले असायला हवे.